वर्गात बसलेली गैरहजर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी सातारा जिल्ह्यात एसटीचा वाहक आहे. सेवेला बावीस वर्षं झाली. पत्र लिहायची सवय नाही, रात्री हिशेबाचा कागद भरतो तेवढंच माझं लिखाण. पण दहावीच्या तोंडी परीक्षा तोंडावर आल्यात, आणि आमची धाकटी यंदा दहावीला आहे. परीक्षेच्या दिवसांत पेपरात बरेच लेख येतात. झोप किती घ्यावी, काय खावं, उत्तरपत्रिकेत समास कसा सोडावा. ज्या पोराच्या तोंडून चारचौघांत शब्दच फुटत नाही, त्यानं काय करावं हे मला त्यात सापडलं नाही. म्हणून लिहितोय.

२०२३ चा ऑगस्ट. बाजाराचा दिवस होता, गाडी खच्चून भरलेली. पावणेबाराच्या सुमारास खिशातला फोन वाजला. शाळेचा संदेश होता, 'आपला पाल्य आज शाळेत गैरहजर आहे.' मुलगी तेव्हा आठवीत होती. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून सातवी करून जूनमध्येच तालुक्याच्या हायस्कूलला गेलेली. मी पहाटे ड्युटीवर निघालेलो, त्यामुळं घरी फोन लावला. बायको म्हणाली, दहाच्या गाडीनं गेली की. त्या गाडीवरच्या आमच्या वाहकाला फोन लावला. तो म्हणाला, "पोचली की दादा, शाळंच्या फाटकात उतरवली, रोजच्यासारखी."

चौदा वर्षांची पोरगी गाडीतून उतरली आहे आणि शाळेत नाही. पुढच्या चार थांब्यांना मी तिकिटं कशी काढली, मला आजही सांगता येणार नाही. एका म्हातारीला दोनदा तिकीट दिलं, एका माणसाला दिलंच नाही. तालुक्याच्या स्टँडवर गाडी लागली तसा कंट्रोलरला हात करून पळत शाळेत गेलो.

मुलगी वर्गात बसलेली होती. खिडकीकडच्या रांगेत, तिसऱ्या बाकावर. पुढ्यात वही होती.

वर्गशिक्षकांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "हजेरी घेताना मी तीनदा नाव पुकारतो. जो हजर म्हणत नाही तो गैरहजर. हिला तोंड आहे ना?" मी म्हटलं, सर, ती हात वर करत असेल. "हात करते. पण हात मी धरत नाही. आज हात केला, उद्या पाय करतील." मग त्यांनी हजेरीपट दाखवला. त्या महिन्यात तिच्या नावापुढं ११ लाल फुल्या होत्या. संदेश पाठवायची सोय शाळेत त्याच आठवड्यात सुरू झालेली, म्हणून आधीच्या फुल्या आम्हाला कळल्याच नव्हत्या. शाळेच्या दप्तरी ती त्या ११ दिवशी शाळेत नव्हती, आणि मी मात्र तिला खिडकीतून बघत होतो. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. वर्गातली सगळी डोकी माझ्याकडं वळली होती, खाकी कपडे, कमरेला बॅग, घामाघूम झालेला बाप. त्या दिवशी मी तिची फजितीच वाढवून आलो, हे मला पुष्कळ नंतर उमगलं.

मला त्या शिक्षकांचा राग आला होता, आजही थोडा आहे. पण खोटं बोलणार नाही, घरी येऊन मीही तेच केलं. "एक शब्द बोलायला काय जातं गं तुझं?" मी दिवसाला तीन-चारशे माणसांशी बोलतो. 'पुढं सरका', 'सुट्टे काढा', 'कुठं जायचंय', माझं सगळं आयुष्य तोंडावर चालतं. माझ्या पोटच्या पोरीला 'हजर' म्हणता येऊ नये, हे मला पटेचना. मी ठरवलं की तिची भीड मोडायची. रविवारी तिला डेपोच्या कँटीनला नेलं आणि सांगितलं, चहा तू मागायचा. मी कोपऱ्यात बसलो. ती काउंटरपुढं उभी राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मागचे लोक तिला ओलांडून चहा घेऊन जात होते. शेवटी कँटीनवाल्यानंच विचारलं, "काय पाहिजे बाळ?" तशी ती मागं फिरली आणि स्टँडच्या बाहेर जाऊन रडली. मी तिच्यामागं जाऊन आणखी चार शब्द सुनावले. डेपोतल्या मित्रांनी ते बघितलं याचंच मला जास्त लागलं होतं.

गाडीतही मी असाच होतो. एकदा एक पोरगा गाव विचारल्यावर नुसताच बघत राहिला. मी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा ओरडलो, "तोंडात मिठाची गुळणी धरलीस काय रे?" गाडी हसली. तो पोरगा पुढच्याच थांब्यावर उतरून गेला. तिथं त्याला उतरायचं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो चेहरा मला आता अधूनमधून आठवतो.

गंमत अशी, की घरात तिच्या न बोलण्याचं कौतुकच होतं. पाहुणे आले की पोरगी आत निघून जाते, मोठ्यांपुढं तोंड वर करत नाही, केवढी गुणाची! लग्नाकार्यात माझी मावशी चार बायकांना दाखवायची, "बघा, आताच्या काळात असली पोर मिळायची न्हाई." तेरा वर्षं तिला ज्या गोष्टीची शाबासकी मिळाली, त्याच गोष्टीची चौदाव्या वर्षी शिक्षा व्हायला लागली. मुलगा असता तर कदाचित आधी कुणाच्या तरी डोळ्यांवर आलं असतं. मुलीचं गप्प राहणं आपल्याकडं खुपत नाही. गावच्या शाळेत वर्गात १९ पोरं होती, गुरुजी एकच, ते तिच्या बाकाजवळ जाऊन वाकून विचारायचे आणि ती हळू सांगायची. तिथं काही अडलंच नाही. हायस्कूलला तिच्या तुकडीत ६८ मुलं.

आठवीच्या दिवाळीपर्यंत घरात वेगळंच सुरू झालं. दर सोमवारी पोटात दुखायचं. रविवारी संध्याकाळी सात वाजले की ती गप्प व्हायची, रात्री दोनदा उलटी. तालुक्याच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग ॲसिडिटीचं, मग सोनोग्राफी केली. सगळं नॉर्मल. आईनं मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. भावकीतल्या एकानं देवऋषी सुचवला. आणि एक गोष्ट बायकोच्या लक्षात आली जी एकाही डॉक्टरला कळली नव्हती. पाण्याची बाटली रोज भरलेली परत यायची. सकाळी भरून दिलेली लिटरची बाटली, संध्याकाळी तेवढीच. डब्यातली चपाती कडेनं कुरतडलेली. पाणी प्यायलं तर लघवीला जावं लागतं, लघवीला जायचं तर सरांना विचारावं लागतं, विचारायचं तर ६८ पोरांत उभं राहून बोलावं लागतं. म्हणून ती सकाळी दहा ते संध्याकाळी सहा पाणी पीत नव्हती. सहा महिने.

त्या काळात एक तास असाही झाला. मराठीच्या तासाला कविता पाठ म्हणायची होती. हिला पाठ होती, आदल्या रात्री आजीला म्हणून दाखवली होती, एकदाही न अडखळता. वर्गात उभी केली, आवाज आला नाही. सर म्हणाले, म्हणेपर्यंत बसायचं नाही. तास संपेपर्यंत ती उभी होती. मागून कुणीतरी 'मुकी मैना' म्हणालं, आणि ते नाव चिकटलं. पालकसभेत सरांनी मला सांगितलं की मुलगी शिष्ट आहे, घरी लाड जास्त झालेत. त्याच दिवशी घरी आई म्हणाली मुखदुर्बळ आहे, आणि भाऊ म्हणाला घुमी आहे. एका पोरीला एका दिवसात तीन शब्द मिळाले.

आमच्या शेवटच्या गाडीचा मुक्काम एका डोंगरातल्या गावात असतो. तिथल्या आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर एक नंबर लिहिलेला मी कित्येक महिने बघत होतो, १४४१६. टेलिमानस. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये ही सोय सुरू केली. फोनला पैसे पडत नाहीत, रात्री-बेरात्री कधीही लागतो, मराठीत बोलतात. एका रात्री चालक झोपल्यावर गाडीच्या मागच्या बाकावर बसून मी फोन लावला. मला वाटलं होतं की 'एक दाबा, दोन दाबा' करत राहतील. पण एक बाई बोलल्या, वीस-पंचवीस मिनिटं. त्यांनी पोटदुखीचं विचारलं, झोपेचं विचारलं, आणि मग विचारलं, "ती घरी तुमच्याशी बोलते का?" मी म्हटलं, घरी तर तोंड मिटत नाही हो तिचं, मालिकेतल्या सगळ्यांच्या नकला करून दाखवते. त्या म्हणाल्या, मग तिला बोलता येतं, फक्त भीती वाटते, तिला जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराच्या ओपीडीला घेऊन जा. मी विचारलं, म्हणजे वेडाचा दवाखाना का? त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "पोट दुखतं तर पोटाच्या डॉक्टरकडं नेलंत ना?" एवढंच म्हणाल्या. तरी शेजारणीनं विचारलंच, "येरवड्याला न्यायची पाळी आली काय पोरीला?"

सिव्हिलच्या डॉक्टर मॅडमनी आधी मला बाहेर काढलं. अर्ध्या तासानं आत बोलावलं तेव्हा मुलगी बोलत नव्हती, वहीत लिहीत होती. मॅडमनी प्रश्न तोंडी विचारले होते आणि उत्तरं लिहून घेतली होती. ते पान मी मुलीच्या परवानगीनं उतरवून देतो :

'माझा नंबर ३८. पंचविसावं नाव आलं की मी मोजायला लागते. ३१ ला हात गार पडतात. ३५ ला कानात ठोके ऐकू येतात. माझं नाव येतं तेव्हा हजर हा शब्द तोंडात तयार असतो. पण तो बाहेर निघेपर्यंत सर ३९ वर गेलेले असतात. मग सगळे बघतात. मग दिवसभर मी तेच आठवत बसते.'

मी हे वाचलं आणि मला कँटीनचा काउंटर आठवला.

मॅडमनी सांगितलं की याला सामाजिक चिंता म्हणतात, इंग्रजीत सोशल अँग्झायटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत याची नोंद आहे. नुसतं लाजणं वेगळं. लाजरं माणूस ओळख झाली की मोकळं होतं. यात मात्र सगळे आपल्याला जोखतायत, आपण आता हसं करून घेणार, ही भीती इतकी चढते की घसा आवळतो, पोट बिघडतं, आणि माणूस ती जागाच टाळायला लागतो. बऱ्याचदा ऐन तेरा-चौदाच्या वयात हे सुरू होतं. टाळलं की बरं वाटतं, आणि ते बरं वाटणंच भीतीला खतपाणी घालतं. म्हणून सोडून देऊनही चालत नाही आणि ढकलूनही चालत नाही. मी विचारलं, मग करायचं काय? त्या म्हणाल्या, "पायऱ्या करायच्या. विहिरीत उतरताना तुम्ही उडी मारता, ती पायरीनं उतरेल. पाणी तेच." गोळ्या लागल्या तर देऊ, आधी हे करून बघू, म्हणाल्या. गोळ्या आजतागायत लागल्या नाहीत. लागल्या असत्या तर दिल्या असत्या, त्यात कमीपणा वाटायचं माझं आता सरलंय.

त्यांनी तिला यादी करायला सांगितली. कशाची भीती किती, शंभरपैकी गुण द्यायचे. बाकावरच्या शेजारणीकडं खोडरबर मागणे, १०. दुकानात भाव विचारणे, २५. पासच्या खिडकीवर बोलणे, ४५. पाणी पिऊन येऊ का विचारणे, ५५. हजर म्हणणे, ७०. कविता म्हणणे, ९५. आणि सगळ्यात वर, शंभर गुणांवर, 'वर्ग भरल्यावर उशिरा आत जाणे.'

इथं मी गारच पडलो. शाळा अकराची. दहाची गाडी आमच्या गावाहून सुटते ती कधी वेळेवर सुटते? रस्त्याचं काम, फाट्यावर वळसा, वरच्या गावातल्या दूधवाल्यांची कॅनं. अकरा-पाच, अकरा-दहा व्हायचेच. म्हणजे माझी पोरगी रोज सकाळी शंभर गुणांच्या भीतीतून जात होती, दार ढकलून, ६८ जोडी डोळ्यांसमोरून, आणि बसून श्वास घेईपर्यंत हजेरी सुरू. घरात बावीस वर्षं नोकरी झालेला एसटीवाला, आणि ती रोज उशिरा पोचत होती ती एसटीमुळंच. सगळी औषधं करून झाली होती, गाडी बदलून बघितली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिला सव्वानऊच्या गाडीला घातली. ती पावणेअकराच्या आत वर्गात जाऊन बसायला लागली. सोमवारची पोटदुखी पूर्ण गेली नाही, पण उलट्या थांबल्या.

पायऱ्या सोप्या नव्हत्या, आणि मी मधे घोळ घातला. पासच्या खिडकीची पायरी आली तेव्हा मी खिडकीतल्या क्लार्कला आधीच सांगून ठेवलं, पोरगी येईल, जरा सांभाळून घे. मुलींचा पास फुकट असतो, पण फॉर्म द्यायला उभं राहावंच लागतं. मी खांबाआड उभा. तिनं फॉर्म सरकवला, त्यानं गाव विचारलं, तिनं फॉर्मवर बोट ठेवलं. त्यानं पुन्हा विचारलं, आणि तिनं सांगितलं. हळू, पण सांगितलं. मला आभाळ ठेंगणं झालं. आणि त्या शहाण्यानं वर म्हटलं, "शाब्बास! वडील बोलले होते मला." ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. डॉक्टर मॅडमनीही मला झापलं, "तिची पायरी तिला चढू द्या. तुम्ही कठडा होऊ नका."

आता शाळेचं. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी शाळेत गेलो. त्यात तीनच गोष्टी लिहिल्या होत्या : हजेरीला हात किंवा खूण चालवून घ्यावी, वर्गासमोर सक्तीनं उभं करू नये, तोंडी परीक्षा एकटीची घ्यावी. सरांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "आमच्या वेळी छडी होती, त्यामुळं आम्हाला असले आजार झाले नाहीत." मुख्याध्यापक जरा मऊ बोलले, पण बोलले तेच : एकीला सवलत दिली की उद्या सगळे चिठ्ठ्या आणतील. मी म्हटलं, साहेब, न बोलण्याची सवलत घेऊन पोरांना काय मिळणार आहे? यावर उत्तर नव्हतं.

मी शिक्षकांची बाजू जाणत नाही असं नाही. ६८ म्हणजे काय ते मला विचारा. ४४ सीटं आणि वर वीस-पंचवीस उभे घेऊन मी रोज जातो, आणि सगळ्यांचे चेहरे मीही बघत नाही. त्यात त्यांना ऑनलाइन माहित्या भरायच्या, निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं. पण त्याच शाळेत, त्याच ६८ पोरांच्या वर्गात गणिताच्या मॅडमही आहेत. त्या हजेरी घेताना मान वर करतात. एवढाच फरक. नाव घेतात, बघतात, पुढं जातात. वेळही कमी लागतो. गणित विचारताना हिच्या हातात खडू देतात. फळ्यावर ही सगळ्यांच्या आधी सोडवते. मॅडमनी कसला कोर्स केलेला नाही, मी विचारलं. त्यांच्या धाकट्या बहिणीचं असंच होतं, म्हणाल्या.

त्या मॅडमच्याच तासाला मुलीनं स्वतःची एक युक्ती काढली. लहानपणी ती माझ्या गाडीत बसून यायची तेव्हा तिला बेलची दोरी ओढायला लई आवडायची. एक बेल थांब, दोन बेल चल. चालक पुढं, वाहक मागं, गर्दी असली की सबंध फेरीत आम्ही एकमेकांशी अक्षर बोलत नाही, तरी गाडी बरोबर थांबते, बरोबर सुटते. आजवर कुणी वाहकाला मुका म्हटलं नाही. तर हिनं मॅडमना चिठ्ठी लिहिली, माझं नाव आलं की मी बाकावर पेन्सिल दोनदा वाजवीन. डबल बेल. मॅडम हसून हो म्हणाल्या. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, छान, पण ही पायरी आहे, मुक्काम नाही. नववीच्या दिवाळीपर्यंत पेन्सिल वाजली. दिवाळीनंतर एका दिवशी पेन्सिलीसोबत 'हजर' आलं, एवढं बारीक की शेजारणीलाच ऐकू गेलं. घरी येऊन तिनं सांगितलं नाही. मला शेजारणीच्या वडिलांकडून कळलं, गाडीत, पाचाच्या फेरीला.

वर्गशिक्षकांच्या हजेरीला मात्र फुल्या पडतच राहिल्या. नववीत शेवटी शिपायानं, होय शिपायानं, मुख्याध्यापकांना सांगितलं की ही पोरगी रोज सगळ्यांच्या आधी येते, वर्गाचं कुलूप मी तिच्यासमोर उघडतो. त्यानंतर फुल्या थांबल्या.

कायदा काय म्हणतो हे मी उशिरा वाचलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ पहिली ते आठवीच्या मुलांना मारण्याला जसं मनाई करतं, तसंच मानसिक छळालाही करतं. छडी बंद झाली हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्याच ओळीतलं पुढचं कुणी वाचत नाही. आणि गेल्या वर्षी, २५ जुलै २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं शाळा-कॉलेजं आणि क्लासेससाठी निर्देश दिले. विशाखापट्टणमला नीटच्या तयारीसाठी राहिलेली १७ वर्षांची एक मुलगी दगावली, तिच्या वडिलांनी शेवटपर्यंत पाठपुरावा केला, त्या प्रकरणात. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यावं. मुलांना चारचौघांत लाजवू नये. शिक्षकांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं. आमच्या शाळेत सातशेच्या वर मुलं आहेत. समुपदेशक कोण म्हणून विचारलं तर पीटीच्या सरांचं नाव सांगितलं. पीटीचे सर माणूस चांगला आहे, पण त्यांनाही ते माझ्याकडूनच कळलं.

मी कोर्टात जाणार नाही. ड्युटी सोडून कुठं जाणार, आणि पोरीला अजून तीन महिने त्याच शाळेत बसायचंय.

माझं मागणं लहान आहे आणि तोंडी परीक्षेपुरतं आहे. दहावीला भाषा विषयांत ८० गुण लेखी आणि २० तोंडी-अंतर्गत. २०१९ ला मंडळानं भाषांचे हे गुण काढून टाकले होते. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता. राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला, ओरड झाली, आणि पुढच्या वर्षीपासून गुण परत आले. म्हणजे या वीस गुणांचं मोल सगळ्यांना कळतं. बऱ्याच शाळांत ते सढळ हातानं वाटलेही जातात, हे उघड गुपित आहे. मला वाटलेले गुण नकोत. मला परीक्षा नकोही म्हणायचं नाही. फक्त ती ६० पोरांसमोर, रांगेत उभं करून, पुढच्याचं झालं की तू असं करत घेऊ नये. एका खोलीत, एका शिक्षकासमोर घ्यावी. विषय दोन मिनिटं आधी हातात द्यावा. पोर अडकलं तर 'बोल बोल' करू नये, पाणी द्यावं आणि खिडकीबाहेर बघावं. तोंडी परीक्षा सगळ्या वर्गासमोरच घ्यायची, असा नियम मला अजून कुणी दाखवलेला नाही. पोरागणिक पाच मिनिटं तर तशीही लागतात.

डिसेंबरात सराव म्हणून तोंडी झाली. हिंदीची तोंडी हिंदीच्या मॅडमनी प्रयोगशाळेत घेतली, एक मैत्रीण शेजारी बसवून. २० पैकी १३. आवाज कापत होता म्हणे, पण पानभर बोलली. मराठीची वर्गात झाली, सर म्हणाले नियम सगळ्यांना सारखा. ती उभी राहिली. नाव सांगितलं, इयत्ता सांगितली, आणि पुढं थांबली. सरांनी २० पैकी ४ दिले. ती मराठीत लेखीला वर्गात तिसरी आहे.

मात्र एक सांगायला हवं. त्या दिवशी ती रडत आली नाही. डबा रिकामा होता, बाटली अर्धी. म्हणाली, "मुकी मैना म्हणाले नाहीत यावेळी कुणी." मी म्हटलं, बरं झालं. "त्यांनाही कंटाळा आला असेल," ती म्हणाली, आणि सरांची हुबेहूब नक्कल करून दाखवली. 'नियम सगळ्यांना सारखा.' आई हसून हसून बेजार.

माझी गाडीतली सवय बदललीय एवढं सांगतो. गाव विचारल्यावर कुणी नुसतं बघत राहिलं तर मी पुढच्या माणसाचं तिकीट काढतो आणि परत त्याच्याकडं येतो. बहुतेक वेळा तोवर शब्द आलेला असतो. नाही आला तर मार्गावरची गावं एकेक करून हळू घेतो, तो मान हलवतो. फार तर अर्धा मिनिट जास्त जातो. गाडीला उशीर होतो तो याच्यामुळं नव्हे.

पत्र फार लांबलं, कापायचं तर कापा, फक्त १४४१६ हा नंबर आणि एका खोलीत परीक्षा, या दोन गोष्टी ठेवा. माझं नाव आणि गाव छापू नये ही विनंती, ते संपादकीय विभागासाठी वेगळ्या कागदावर लिहून जोडलं आहे. शाळेचं नाव मुद्दामच दिलं नाही. तिथं गणिताच्या मॅडमही आहेत.

पाकिटात घालण्याआधी मुलीला वाचायला दिलं. तिनं माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या, तीन ठिकाणी 'बिचारी' लिहिलं होतं ते पेन्सिलीनं खोडलं. पत्ता स्वतःच्या अक्षरात लिहिला. मी म्हटलं, येताजाता पोस्टात तूच टाक. ती म्हणाली, पेटीत टाकते, पण खिडकीवरचं तिकीट तुम्ही घ्या, तिथं फार गर्दी असते. आणि तिकिटाचं काम तर तुमचंच आहे.

आपला,
एक एसटी वाहक
सातारा जिल्हा